पळसाला पाने पाच

दिवाळी अंकात मी युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांमधल्या चित्रांवर चार पानं लिहिली होती. झाडपाल्याची चित्रं, शरीराच्या आतली चित्रं आणि किमयागारांची चित्रं. कोणी वाचणार नाही असं संपादकांना वाटलं होतं, मलाही. पण पत्रं आली. काही पोस्टानं, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि एक चिठ्ठी बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या पिशवीतून. मी इतिहासकार नव्हे. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ३१ वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो, आता वावर आणि दोन गायी बघतो. हे ध्यानात ठेवून वाचावं.

प्रश्न : तुम्ही छापलेल्या मध्ययुगातल्या चित्रांतली झाडं ओळखूच येत नाहीत. मध्ये सरळ दांडा, दोन्हीकडे मोजून तेवढीच पानं, जशी रांगोळी. पण त्याच्या कितीतरी शतकं आधीचं एक चित्र मात्र हुबेहूब होतं. मधल्या काळात माणसं चित्र काढायला विसरली काय?
*(निवृत्त कृषी सहायक, कळंब, जि. यवतमाळ)*

साहेब, हात चांगलाच होता. समोर झाड नव्हतं, एवढंच.

शाळेत असताना मी एक खेळ केला होता. सातवीचा वर्ग, ४२ पोट्टे-पोट्टी. पहिल्या बाकावरच्या मुलीला शाळेमागच्या पळसाची डहाळी दिली आणि म्हटलं, जसं दिसते तसं काढ. तिनं छान काढलं. मग डहाळी कपाटात ठेवली आणि दुसऱ्याला तिचं चित्र दिलं. तिसऱ्याला दुसऱ्याचं. असं शेवटच्या बाकापर्यंत. तुम्हाला माहीतच आहे, पळसाची बाजूची दोन पानं सरळ नसतात, देठाशी एका अंगाला फुगलेली असतात आणि मधलं पान मोठं असतं. सगळ्यात आधी तो फुगवटा गेला. चार-पाच हातांतच बाजूची पानं नीट सारखी झाली, कारण वाकडं दिसलं की माणसाचा हात ते सरळ करायला धावतो. मग मधल्या पानाला टोक आलं. मग कोणीतरी, बहुतेक गुलाबाच्या आठवणीनं, देठावर दोन जास्तीची पानं बसवली. त्यानंतर ती कोणीच खोडली नाहीत, उलट पुढच्यांनी ती मोठी केली. शेवटच्या पोराच्या कागदावर पळसाला पाच पानं होती, खाली बारकी मुळं आणि वर एक फूल. मी विचारलं, बापा, पळसाला पानं किती? म्हणाला, "तीन." मग ही पाच कशी? "मले पाचच देली होती न जी."

ज्या हुबेहूब चित्राचं तुम्ही म्हणता ते सन ५१२ च्या सुमाराचं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये अनिकिया ज्युलियाना नावाच्या राजघराण्यातल्या बाईसाठी एक मोठा ग्रंथ तयार झाला. मजकूर त्याच्याही आधीचा, पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याचा. कातड्यावर रंगवलेली जवळजवळ चारशे झाडं त्यात आहेत. आज तो ग्रंथ व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातली काटेरी बेरीची झुडुपी बघा, फांद्या पानभर वळवळत गेल्यात. कुंपणातून हात घालून ओरबाडून घेतलेल्या माणसालाच ती वळणं कळतील. हा ग्रंथ पुढे हजार वर्षं वापरात राहिला. समासात ग्रीक, अरबी, तुर्की आणि हिब्रू भाषांत झाडांची नावं लिहिलेली आहेत. चार भाषांच्या माणसांनी एकच चित्र समोर धरून "हे आमच्याकडचं अमुक" असं लिहावं, याहून चांगलं प्रमाणपत्र चित्रकाराला कोणतं?

आणि इकडे पश्चिम युरोपात मठांमध्ये अशाच पुस्तकांच्या नकला होत राहिल्या. नकलेची नकल, तिची नकल. भूमध्य समुद्राकाठचं झाड थंड मुलखातल्या नकलकाराच्या बापजाद्यांनीही बघितलेलं नव्हतं. त्याच्यापुढे फक्त मागच्याचा कागद. माझ्या वर्गात ४२ हात होते, त्यांच्याकडे सातशे वर्षं होती.

गंमत म्हणजे हा धोका आधीच कोणाच्या तरी ध्यानात आला होता. प्लिनी हा रोमन लेखक सन ७९ मध्ये मेला. तो लिहून गेलाय की झाडांची चित्रं फसवतात. रंग फार असतात, नकल करणारे निष्काळजी असतात, आणि झाड काही एकाच रूपात राहत नाही, ऋतूगणिक बदलतं. तिसरी तक्रार शेतकऱ्याच्या तोंडची वाटते. जूनमधली तूर आणि डिसेंबरमधली तूर एकाच चित्रात दाखवून बघा.

परत झाडाकडे बघायला सुरुवात झाली ती इटलीत. साधारण १३०० च्या आसपास सालेर्नोकडे केलेल्या एका पुस्तकात नकलकारानं बरीच झाडं नव्यानं पाहून काढल्यासारखी दिसतात. मग शंभरेक वर्षांनी पादुआच्या सरदाराकरता केलेलं एक पुस्तक, त्याला कारारा हर्बल म्हणतात. त्यातल्या वेली पानाच्या कडेवरून अशा उतरतात की मजकुराला अंग चोरून बसावं लागलंय. पण मला त्याहून जास्त आवडतात त्यातल्या कोऱ्या जागा. मजकूर लिहिलेला आणि चित्राची जागा रिकामी, अशी कितीतरी पानं आहेत. त्या चित्रकाराला झाड मिळालं नसेल, वेळ मिळाला नसेल, पैसे थांबले असतील. कारण काहीही असो, त्यानं पाच पानांचा पळस तिथे ठोकला नाही.

मग छापखाने आले. १५३० मध्ये स्ट्रासबर्गला ब्रुन्फेल्सचं झाडपाल्याचं पुस्तक निघालं, चित्रं हान्स वायडिट्झची. या माणसानं झाड जसं टेबलावर आणलं तसं काढलं. मोडलेलं पान मोडलेलं, कोमेजलेलं कोमेजलेलं, किड्यानं खाल्लेलं खाल्लेलं. तुम्ही आयुष्यभर कीड-रोगाचे पंचनामे केलेत, तुम्हाला हा माणूस आवडेल. ती चित्रं दुसऱ्या छापखान्यानं सरळ उचलली, १५३३ मध्ये खटला झाला, आणि आरोपीचा बचाव काय, तर रोझमेरीचं चित्र रोझमेरीसारखंच येणार, आणखी कसं येईल! मास्तरकीत हे उत्तर मी वेगवेगळ्या पोरांकडून फार वेळा ऐकलंय.

१५४२ मध्ये बाझेलला लिओनहार्ट फुक्सचा ग्रंथ निघाला, पाचशेहून जास्त लाकडी ठशांची चित्रं. फुक्सनं वायडिट्झच्या उलट केलं. एक विशिष्ट मोडकं झाड नको, त्या जातीचं पुरं झाड हवं, म्हणून फूल आणि फळ एकाच फांदीवर. प्लिनीच्या ऋतूंच्या तक्रारीवर त्यानं काढलेला हा तोडगा. या दोघांपैकी खरा कोण, यावर मी अजून ठाम नाही. मला वायडिट्झ जवळचा, पण दवा शोधायची असेल तर मी फुक्सच बरोबर नेईन. शिवाय फुक्सनं एक असं काम केलं की मी त्याला टोपी काढतो. पुस्तकाच्या शेवटी त्यानं तिघा कारागिरांची चित्रं नावासकट छापली: झाड पाहून काढणारा अल्ब्रेख्ट मायर, ते ठशावर उतरवणारा हाइनरिख फ्युलमाउरर आणि लाकूड कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेक्ले.

त्याच पुस्तकात मिरची आहे! युरोपात छापलेल्या मिरचीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी ते एक. भिवापूरकरांनी ऐकावं, फुक्सनं तिला नाव दिलं कालिकतची मिरी. अमेरिकेतून आलेलं झाड, पण त्याला वाटलं ते हिंदुस्थानातलं. मक्यालाही तो तुर्की धान्य म्हणतो. चित्र चोख, पत्ता चुकलेला.

आता माझी स्वतःची गोष्ट, लपवत नाही. शाळेच्या भिंतीवर मी कापसाचं झाड रंगवलं होतं, एका कंपनीच्या तक्त्यावरून. वावर माझं, त्यात पऱ्हाटी उभी, आणि मी तक्ता बघून रंगवला. तीन वर्षांनी पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, हे पऱ्हाटीचं फूल नाई जी. हे तं जास्वंदाचं होय." खरंच होतं. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. मी लालभडक काढलं होतं, मधून लांब दांडी बाहेर आलेली.

प्रश्न : काही झाडांच्या मुळाशी साप, विंचू काढलेले आहेत. एका मुळाला तर माणसाचे हातपाय आणि शेजारी मेलेला कुत्रा. हे कशासाठी?
*(आशा सेविका, अहेरी तालुका)*

साप म्हणजे "सापाच्या विषावर". वाचता न येणाऱ्यालाही कळावं किंवा घाईत पान सापडावं, म्हणून काढलेली खूण. औषधाच्या दुकानाच्या पाटीवरच्या चिन्हासारखी. ते झाड खरंच विष उतरवायचं असं समजू नका. नांगीसारखी शेंग दिसली की ती विंचवावर, असा हिशेब पुढे १५८८ मध्ये देल्ला पोर्ता नावाच्या इटालियनानं चित्रांसकट छापला. आपल्याकडे बाजारात मुळ्या विकणारेही आकार दाखवूनच विकतात. साप चावल्यावर काय करायचं हे तुम्ही मला शिकवाल, मी तुम्हाला नाही.

माणसासारखं मूळ म्हणजे मँड्रेक. धोतऱ्याच्या कुळातलं, गुंगी आणणारं आणि विषारी. मूळ दुभंगलेलं असतं म्हणून दोन पाय, बाकी हात-डोकं नकलकारांचं. समजूत अशी की उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, म्हणून कुत्र्याला बांधून ओढायला लावायचं. व्हिएन्नाच्या त्या ग्रंथात सुरुवातीलाच डायोस्कोरिडीसला एक देवी हे मूळ देते आणि खाली बिचारा कुत्रा आहे. म्हणजे ज्या ग्रंथाची मी वर एवढी तारीफ केली, त्यातही हे आहेच. मूळ विकणाऱ्यांना मात्र ही गोष्ट फायद्याची होती. भाव वाढायचा.

प्रश्न : लिओनार्दो दा विंचीचं गर्भाशयातल्या बाळाचं चित्र तुम्ही जगातलं उत्तम चित्र म्हणून छापलं. मी ३० वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. चित्रातलं बाळ माणसाचं आहे, पण जार माणसाची नाही. माझी चूक होत असेल तर सांगा.
*(निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, चांदूर रेल्वे)*

चूक तुमची नाही, लिओनार्दोची आहे. या एका पत्रासाठी मी संपादकांकडून दोन पानं वाढवून घेतली.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी : १५११ च्या सुमाराचं, आता विंडसरला इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात. गर्भाशय सीताफळासारखं उकललेलं, आत बाळ गुडघ्यात डोकं घालून बसलेलं. खडू आणि शाई. पाय एकमेकांवर टाकलेत ते बघून कोणालाही वाटेल की हे बाळ आताच कूस बदलेल. पण भोवतीच्या पडद्यावर लहान लहान बटणं आहेत, आणि बाजूला त्यांचं वेगळं चित्रही आहे, की ही बटणं एकमेकांत कशी बसतात आणि सुटतात. गाय व्याली की जी जार पडते, कुणी वार म्हणतात, ती ज्यानं हातानं सोडवली त्याला ही बटणं पाठ असतात. बाईची जार अशी नसते, ती एकच, थाळीसारखी असते.

लिओनार्दोनं गाभण गाईचं गर्भाशय उघडून चित्र काढलं होतं. बाईचं, पोटात बाळ असताना, बघायला मिळणं फार दुर्मीळ. मग जे दिसलं नाही तिथे त्यानं गाईचं बसवलं. हाच माणूस, ज्यानं फ्लॉरेन्सच्या दवाखान्यात शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या, आणि तो शांतपणे मेल्यावर मरण इतकं गोड कशानं आलं हे बघायला त्याचं शरीर उघडलं. रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या त्यानं नोंदवल्या. बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही बटणं आलीच.

शरीराची चित्रं झाडांच्या चित्रांपेक्षा वेगळी बिघडली. झाड निदान कोणालाही उपटता येतं. माणूस उघडायला राजाची, धर्माची, घरच्यांची सगळ्यांची आडकाठी. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन, ज्याचा शब्द तेराशे वर्षं वेदवाक्य होता, त्यानं माकडं, डुकरं, बैल फाडले. मध्ययुगाच्या हस्तलिखितांत एक पाच चित्रांची मालिका सापडते : धमन्या, शिरा, हाडं, मज्जातंतू, स्नायू. प्रत्येक चित्रात माणूस बेडकासारखा पाय फाकवून बसलेला. बाराव्या शतकात जर्मनीकडच्या मठात हा बेडूक-माणूस आहे आणि १३८६ च्या सुमारास इराणात शिराझच्या मन्सूरनं केलेल्या फारसी ग्रंथातही तसाच बसलाय. अशा बसण्यानं सगळ्या नळ्या पसरून दाखवता येतात. नळ्यांचा नकाशाच तो. एसटीच्या मार्गांच्या तक्त्यात वर्धा-नागपूर सरळ रेघ असते म्हणून आपण रस्ता सरळ आहे असं म्हणत नाही, तसं.

आता तुमच्यासाठी खास. गॅलेन सांगून गेला होता की खालचा जबडा दोन हाडांचा. आमच्या वावराच्या धुऱ्यावर मेलेल्या बैलाचा जबडा दोन वर्षं उन्हात पडला होता, लेकरांनी उचलला तर मधून दोन तुकडे झाले. बैलाचा होतोच. माणसाचा होत नाही. सोळाव्या शतकातल्या वेसालियस या शरीरशास्त्रज्ञानं पादुआत प्रेतं फाडून हे दाखवलं, एकच हाड. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक "अद्भुत जाळं" असतं असंही गॅलेन म्हणायचा. बैलाला, मेंढीला असतं, माणसाला नसतं. वेसालियसची कबुली मला फार आवडते : शिकवताना माणसाच्या डोक्यात ते जाळं सापडेना, म्हणून मी मेंढीचं नाहीतर बैलाचं डोकं जवळ ठेवत असे आणि त्यात दाखवत असे. म्हणजे त्याच्याही भिंतीवर काही काळ जास्वंद होतं.

त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ठशांचं लाकूड व्हेनिसकडून आल्प्स ओलांडून बाझेलला नेलं. चित्रात कातडी उतरवलेली माणसं टेकडीवर उभी, मागे गाव, पूल, झाडं. ती पानं ओळीनं लावली की मागचा देखावा एकाला एक जोडत जातो. हे ठसे चारशे वर्षं टिकले आणि दुसऱ्या महायुद्धात म्युनिकवरच्या बॉम्बफेकीत जळाले.

लिओनार्दोचं चित्र मी मागे घेत नाही. चित्राखाली आता एवढं लिहितो : बाळ पाहून, जार गाईची.

प्रश्न : जुन्या चित्रात माणसाच्या डोक्यावर मेंढा आणि पायाशी मासे. आमच्या पंचांगातला कालपुरुष तिकडे कसा?
*(वाचक, मोर्शी)*

राशींची अंगांवरची वाटणी दोन्हीकडे तीच : मेष डोक्याला, मीन पावलांना. ग्रीक आणि भारतीय ज्योतिषाची देवघेव फार जुनी आहे. तिकडे या चित्राचा उपयोग रक्त काढण्यासाठी होता. चंद्र ज्या राशीत, त्या अंगावर त्या दिवशी सुरी लावायची नाही. वैद्य-न्हावी हे चित्र घडीच्या पत्रिकेत कमरेला बांधून फिरत. सगळ्यात देखणा नमुना १४११ ते १६ च्या दरम्यान फ्रान्समधल्या बेरी प्रांताच्या ड्यूकसाठी लिम्बूर्ख या चित्रकार बंधूंनी केला. त्याला कमरेला बांधायची हिंमत मात्र कोणी केली नसती.

प्रश्न : हिरवा सिंह सूर्य खातो, सूर्यातून रक्त गळतं. बाटलीत मोर, बाटलीत राणी. हे धर्माचं आहे की रसायनाचं? आणि आमच्या गावच्या नागार्जुनाचा याच्याशी संबंध आहे काय?
*(सराफ व्यावसायिक, रामटेक)*

दोन्हीचं आहे. आधी तुमच्या मागच्या खोलीतलं सांगतो. शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चांदी खातं, तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. त्यातच नवसागर पडला, आपला कल्हईवाल्याचा नवसागर, की ते सोनंही विरघळवतं. शोऱ्याचं तेजाब युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकापासून करत, शोरा आणि हिराकस एकत्र तापवून. हिराकसाचे खडे हिरवे. सूर्य म्हणजे सोनं. आता सिंह बघा. हे चित्र १५५० मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या "रोझारियम" या किमयेच्या पुस्तकात आहे. सिंहाचे आणखी अर्थ लावणारेही आहेत, पण मला हिराकसाचा पटतो, कारण आठवीच्या पोरांबरोबर मी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई केली होती आणि बोटांवरचा डाग आठवडाभर गेला नव्हता. तिकडची लिहायची शाईही अशीच, हिरड्याऐवजी ओकच्या झाडावरच्या गाठी. म्हणजे सिंहाची गोष्ट सिंहाच्याच रक्तानं लिहिलेली.

बाटल्यांची चित्रं "स्प्लेंडोर सोलिस" या किमयेच्याच ग्रंथातली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्याची १५८२ ची प्रत आहे, २२ चित्रं, सोन्याच्या चौकटीत. मोर म्हणजे काळ्यानंतर बाटलीत उमटणारे रंगीबेरंगी तवंग. काळा, मग मोरपिसारा, मग पांढरा, मग लाल, असा त्यांचा क्रम. रसविद्येच्या नागार्जुनाची परंपरा रामटेकला आहे, पण तिचा आणि या चित्रांचा धागा मी जोडणार नाही. रंगांची गोष्ट मात्र ओळखीची. पारा-गंधक खलात घोटलं की काळी कज्जली होते, तीच काचेच्या कुपीत घालून वाळूच्या भट्टीवर चढवली की गळ्याशी लाल रससिंदूर धरतो. रसशास्त्राचे वैद्य हे आजही करतात. घरी करू नका, पाऱ्याची वाफ माणूस खाते.

हेच तिकडचे रंगारीही करत. पारा आणि गंधकापासून हिंगुळी लाल. १४०० च्या सुमाराचा चित्रकार चेन्नीनी सरळ लिहितो की हा रंग किमयेनं होतो. त्यामुळे किमयेच्या पुस्तकातल्या राजाचा लाल झगा बघताना मला नेहमी वाटतं की किमया चित्रात कमी आणि रंगात जास्त आहे. सोनं कोणाचं झालं नाही. लाल झाला.

आणि लपवाछपवी कशासाठी? गुपित फुटू नये म्हणून, राजाला भुरळ पडावी म्हणून, आणि कधी कधी स्वतः लिहिणाऱ्यालाच नक्की माहीत नव्हतं म्हणून. तुमच्या धंद्यातले जुने लोकही कसाचं बोलताना गिऱ्हाइकासमोर वेगळीच भाषा बोलत, हे तुम्ही जाणताच.

प्रश्न : व्हॉयनिच हस्तलिखित कोणी वाचलं का? मोबाइलवर रोज कोणीतरी वाचल्याचं सांगतं.
*(विद्यार्थी, अमरावती)*

अनोळखी लिपीतलं ते सचित्र हस्तलिखित सर्वांना पटेल असं कोणी वाचलेलं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात आहे, कातडं १४०४ ते १४३८ मधलं निघालं, व्हॉयनिच नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं १९१२ मध्ये घेतलं. त्यातली झाडं एकाचं मूळ, दुसऱ्याची पानं, तिसऱ्याचं फूल अशी दिसतात. त्या काळच्या उत्तर इटलीतल्या काही झाडपाल्याच्या पुस्तकांत मुळांना तोंडं, जनावरं काढलेली आहेत, त्यांच्याशी त्याचं नातं जुळतं. तुझ्या हाकेवर रिद्धपूर आहे. महानुभावांनी सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत पोथ्या लिहून ठेवल्या, बाहेरच्याला शब्द कळेना, मग इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली. तिथे लिपी परकी होती, भाषा आपलीच मराठी होती. व्हॉयनिचमध्ये भाषा कोणती हेच ठरत नाही. तू आधी रिद्धपूरला जाऊन ये.

प्रश्न : गुरुजी, मी मोहाचं झाड काढलं आहे. आजोबा म्हणाले चुकलं. बघून सांगा काय चुकलं.
*(इयत्ता सहावी, धारणी तालुका. सोबत चित्र.)*

बेटा, चित्र मिळालं. खोड छान, सालीच्या भेगा तू झाडाजवळ बसून काढल्यास हे कळतं. खालच्या पानाला अळीनं पाडलेलं भोक आहे ते खोडू नको, कोणी सांगितलं तरी.

आजोबांचं बरोबर आहे. मोह फुलतो तेव्हा जुनी पानं गळालेली असतात. तू पानांनी गच्च भरलेल्या झाडाला फुलं लावलीस, आणि फळंसुद्धा. एक माणूस होता फुक्स नावाचा, तो असंच करायचा, पण तो खाली लिहायचाही. तू कागदाचे तीन भाग कर. एकात फुलं आलेला उघडा मोह, मार्चमध्ये, पहाटे फुलं वेचायला जाशील तेव्हा बघून काढ. दुसऱ्यात कोवळी तांबूस पानं. तिसऱ्यात फळं. आता फक्त पानांचा भाग काढून होईल, बाकीचे दोन कोरे ठेव आणि तसेच पाठव.

फुलाला तू पिवळा रंग दिलास तो हळदीचा आहे ना? वास येतो अजून. तो उन्हात उडून जाईल, चित्र वहीत मिटून ठेव.